अठ्ठेचाळिसावा अर्ज

जामबागेच्या मागच्या गल्लीत हणमंतराव बिरादार म्हणून विचारलं तर निम्मी माणसं तुमच्या तोंडाकडे बघतील. ‘अर्जवाले काका’ म्हटलं की मात्र कुणीही घरापर्यंत आणून सोडेल. रेशनकार्डावर नाव चुकलं, नळाला पाणी येईना, पेन्शन अडकली, असं काहीही झालं की माणसं त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची. मग हणमंतराव आधी चष्मा पुसणार, फुलस्केप कागद काढणार, डाव्या बाजूला दोन बोटं घडी घालून समास पाडणार आणि निळ्या शाईनं सावकाश लिहायला घेणार. शेजारच्याच एका शाळेच्या ऑफिसात त्यांची चौतीस वर्षं कारकुनीत गेली होती. तिथल्या हेडक्लार्कनं शिकवलेलं ऑफिसचं इंग्रजी त्यांनी जसंच्या तसं जपलं होतं, आणि ते लिहिताना त्यांचा चेहरा पूजेला बसल्यासारखा व्हायचा.

अर्ज लिहिणं हे निम्मंच काम, असं ते म्हणत. उरलेलं निम्मं म्हणजे पोच. आपल्याजवळच्या प्रतीवर ऑफिसचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही पडल्याशिवाय हणमंतराव खिडकीसमोरून हलत नसत. आवक कारकून जेवायला गेला म्हणाले तर हे बाकावर आपला डबा उघडत. शिक्का सापडत नाही म्हणाले तर ‘सापडेल, मी बसलोय’ म्हणत. असल्या माणसाला कोण काय करणार? शिक्का सापडायचा.

त्यांच्या घरच्या कपाटात सगळ्यात जाड फाईल होती ती वायरींची. गल्लीच्या तोंडाशी एक खांब आहे. त्याच्यावरून केबल टीव्हीच्या, टेलिफोनच्या आणि आता इंटरनेटच्या काळ्या वायरी जातात. नवी कंपनी आली की नवी वायर टाकते, जुनी तशीच सोडते. जुनी काढणं हे कुणाचंच काम नाही. त्यामुळे मेलेल्या वायरींची वेटोळी साठत साठत माणसाच्या छातीपर्यंत खाली आलेली. गल्लीतल्या लोकांना तिथं आलं की आपोआप वाकायची सवय झाली होती. लहान पोरं वाकायला शिकतच मोठी होत होती.

अकरा वर्षांपूर्वी हणमंतरावांचे वडील गेले. उदगीरकडची शेती भावाच्या हवाली करून तरुणपणी बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानात नोकरीला आलेला हा माणूस, सहा फूट उंच, उभ्या आयुष्यात मालकापुढेही वाकला नाही. त्याची तिरडी निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी वायरींना अडली. चौघांनी ती खांद्यावरून उतरवून कमरेपर्यंत खाली घेतली आणि स्वतः वाकून कशीबशी बाहेर काढली. तेवढ्यात वरचा झेंडूचा हार एका वेटोळ्यात अडकला. हातात आकटं, विस्तवाचं मडकं, धरलेल्या हणमंतरावांना तो सोडवता आला नाही. पुढं दोन महिने तो हार तिथंच लोंबत होता, वाळून काळा पडेपर्यंत.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरींबद्दल पहिला अर्ज दिला. मग वर्षाला चार, कधी पाच. सत्तेचाळीस अर्ज, सत्तेचाळीस पोचा, आणि उत्तर एकाचंही नाही. तिरडीची गोष्ट मात्र त्यांनी एकाही अर्जात लिहिली नाही. अर्जात घरचं रडगाणं आणायचं नसतं. ‘जनतेस होणारी गैरसोय’ एवढंच लिहायचं, असं हेडक्लार्क सांगून गेले होते.

ईशा त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली ती मागच्या जूनमध्ये. तिचे आईवडील अरविंद आणि वैशाली हे पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीसाठी आलेले. त्यांचा फ्लॅट शहराच्या पार पश्चिमेच्या टोकाला, अठराव्या मजल्यावर. तिथून चित्रकलेच्या कॉलेजला रोज दोन-अडीच तास जायचे, म्हणून मराठी घर बघून तिला इथं ठेवलेली. पोरगी गोड होती. हणमंतरावांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, स्वयंपाकघरात येऊन चिकटायची, भाकरी थापायचा प्रयत्न करायची. मराठी बोलायची फाडफाड, त्यात निम्मं इंग्रजी. वाचायची मात्र बोबडं, एकेक अक्षर लावत.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला या मुलांना एक काम करायचं असतं. आपल्या आसपासचं काहीतरी घ्यायचं आणि त्याची कलाकृती करायची. ईशा दिवाळीनंतर एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली आणि तिनं विचारलं, काका, या गल्लीत लोकांना सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो? हणमंतरावांना अकरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते उठले, कपाट उघडलं, फाईल आणली. चार संध्याकाळी त्यांनी तिला एकेक अर्ज वाचून दाखवला. ती प्रत्येक पानाचा फोटो काढत होती आणि मोबाईल समोर ठेवून त्यांचा आवाजही घेत होती. तुमचं चालेल ना काका, असं तिनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, घे की, त्यात काय. आतून ते फुलून आले होते. जेवताना सुशीलाबाईंना दोनदा सांगून झालं की पोरगी हुशार आहे, तिला कामाची किंमत कळते.

एकच गोष्ट खटकली. ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट’ हे त्यांचं आवडतं वाक्य आलं की ईशा हसायची. किती क्यूट, म्हणाली एकदा. हणमंतरावांनी ते हसण्यावारी नेलं, पण गिळता आलं नाही. सुपारीचं खांड दातात राहावं तसं ते राहून गेलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ईशानं काम लावलं. कोपऱ्यावर बबलूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडून तिनं भंगारातले मोबाईल घेतले, बेगम बाजारातून प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्या आणि सुतळी आणली, आणि प्रत्येक पिशवीत एक मेलेला मोबाईल घालून त्या मेलेल्या वायरींना लोंबत्या बांधल्या, माणसाच्या तोंडासमोर येतील अशा. प्रत्येक पिशवीवर एक कार्ड, कार्डावर काही आकडे आणि काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा तो कोड. आपल्या मोबाईलनं कोड टिपला की आवाज ऐकू यायचा. खाली एक बटण दाबलं की तीच तक्रार सरळ वॉर्ड ऑफिसला जायची. सगळ्याला तिनं नाव दिलं होतं ‘पोच’.

ते नाव ऐकलं आणि हणमंतरावांचं डोकं फिरलं. शब्दसुद्धा आपला. तिला तो माहीत तरी होता का? ‘काका, या शिक्क्याला काय म्हणतात?’ हे याच ओट्यावर बसून विचारलं होतं तिनं. ते त्या पिशव्यांजवळ फिरकले नाहीत. गल्लीच्या दुसऱ्या टोकानं, कचराकुंडीवरून वळसा घालून ते कोटीच्या बाजाराला जाऊ लागले. दुधासाठीसुद्धा तिकडूनच. गुडघे दुखायचे, पण जायचे.

कुणीतरी व्हिडिओ काढला, तो तीन दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला. कॉलेजची पोरंपोरी लांबून लांबून वाकायला येऊ लागली. एक टीव्हीवाला येऊन गेला. गल्लीतल्या बाया नवी साडी नेसून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ईशा रातोरात ‘वायरवाली दीदी’ झाली. वॉर्ड ऑफिसचा सुपरवायझर, जो अकरा वर्षांत या गल्लीत एकदाही फिरकला नव्हता, तो हातात वही घेऊन आला आणि वायरी कापायला मंगळवारी गाडी येईल असं सगळ्यांसमोर कबूल करून गेला.

खरं तर हणमंतरावांना आनंद व्हायला हवा होता. वायरी जाणार होत्या. अकरा वर्षं दुसरं काय मागितलं होतं त्यांनी? पण आनंद झाला नाही, आणि तो का होत नाही हे त्यांना नीट कळत होतं, म्हणून आणखीच चिडचिड होत होती. बापाला अडवलेल्या वायरी काढायच्या तर त्या मुलानं काढायच्या. सत्तेचाळीस वेळा बाकावर बसून डबा खाल्ला तो त्यांनी. कालची पोरगी येते, चार पिशव्या लटकावते आणि घेऊन जाते सगळं.

बबलू एकदा दुसऱ्या टोकाला भेटला. म्हणाला, “काका, आप तो फेमस हो गये. पूरा शहर आपके नंबरां पढ रा.” हणमंतरावांना वाटलं, हा आपल्या आवक क्रमांकांची टर उडवतोय. पूर्वीही उडवायचाच. ते छत्री आपटत निघून गेले.

त्याहून लागलं ते कुसुमताईंचं. समोरच्या घरातल्या कुसुमताई विधवा, त्यांचे सगळे कागद वर्षानुवर्षं हणमंतरावांनी केलेले. त्यांची पेन्शन दोन महिने आली नव्हती. त्या कागद घेऊन आल्या तेव्हा हणमंतराव ओट्यावरच होते. त्यांनी चष्मा पुसायला काढलासुद्धा. कुसुमताई ‘बसा बसा भाऊजी’ म्हणाल्या आणि त्यांच्या समोरून जिना चढून वर ईशाकडे गेल्या. पोरीनं मोबाईलवरून तक्रार टाकली, चौथ्या दिवशी पेन्शन आली. त्यानंतर जिन्यावर पावलं वाजली की हणमंतरावांचा पेपर वाचून होत नसे. कुणाची चप्पल कोणती हे त्यांना कळू लागलं होतं.

आणि मग सुशीलाबाई. शेजारची राणी मोबाईल घेऊन अंगणात आली होती, आवाज मोठा करून काहीतरी ऐकत होती. हणमंतराव आतून ऐकत होते, म्हणजे ऐकत नसल्यासारखं करत होते. एकदम बायकोचा आवाज आला. ‘आमचे मामंजी लई उंच होते. त्यांना खांद्यावरून खाली घ्यावं लागलं...’ पुढचं सगळं. हारापर्यंत सगळं. हणमंतराव उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्या दुपारी घरात भांडण झालं. हणमंतराव म्हणाले, घरातली गोष्ट गावभर करायला तुला कुणी सांगितलं होतं. सुशीलाबाई तांदूळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. ते आणखी बोलले. शेवटी बाईंनी ताट खाली ठेवलं.

“अकरा वर्षं तुमी लिहिता हाव,” त्या म्हणाल्या. “एका तरी कागदात मामंजींचं नाव आलं का? त्या पोरीनं विचारलं मला. तुमी कधी विचारलं नाई. तुमी जाऊन बघा तरी एकदा काय लावलंय तिनं.”

“मला नक्को बघायला.”

“मग जळत बसा,” सुशीलाबाई म्हणाल्या आणि ताट परत मांडीवर घेतलं.

खरं बोलली बायको, की अंगाचा भडका उडतो. हणमंतरावांनी आतल्या खोलीचं दार लोटलं, फुलस्केप काढला, समास पाडला. विषय: सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना वस्तू टांगल्याबाबत. मोडक्या बॅटऱ्यांना आग लागण्याचा धोका, पादचाऱ्यांच्या तोंडाला इजा होण्याची शक्यता, बाहेरच्या तरुण मुलांची गर्दी, रहिवाशांची शांतता. मुद्दे एकामागून एक आपोआप येत गेले. वायरींचा उल्लेख एकदाही नाही. एकही खाडाखोड झाली नाही. अकरा वर्षांत इतका बांधीव अर्ज त्यांच्या हातून उतरला नव्हता. मोस्ट रिस्पेक्टफुली लिहिताना त्यांना ईशाचं हसू आठवलं, आणि ते वाक्य त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. अर्ज देऊन काही होईल असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांच्या अर्जानं कधी काही झालंय? मनातली गरळ कागदावर ओकायची, शिक्का घ्यायचा, फाईलला लावायचा, एवढंच. पण आवक कारकुनानं वाचला आणि त्यांना खुर्ची दिली. तो आत जाऊन आला. शिक्का लगेच सापडला. चहा आला. अकरा वर्षांत त्या ऑफिसात हणमंतरावांनी पहिल्यांदाच चहा घेतला, आणि त्यांना त्यातही काही वावगं दिसलं नाही. उलट येताना बरंच वाटत होतं.

वॉर्ड ऑफिसचं काय होतं, ते समजायला फार डोकं लागत नाही. व्हिडिओमुळे वरून सारखे फोन येत होते. पिशव्या काढाव्यात तर लोक बोंबलतील, आणि ठेवाव्यात तर वायरी कापाव्या लागतील. अशा वेळी त्याच गल्लीतल्या एका जुन्या, सभ्य रहिवाशाचा लेखी अर्ज हातात आला. त्यांना आयतंच मिळालं.

सोमवारी सकाळी दहाला शिडी घेऊन चार माणसं आली. ईशा कॉलेजला गेलेली होती. सुपरवायझरनं हणमंतरावांना घरून बोलावून घेतलं. आप कंप्लेनेंट हैं, म्हणाला, काढलेल्या मालाच्या यादीवर तुमची सही लागेल. हणमंतराव बारा दिवसांनी पहिल्यांदा गल्लीच्या त्या टोकाला आले. माणसं जमली होती, बबलू दुकानाच्या पायरीवर उभा होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

सुपरवायझरनं पुठ्ठ्याला लावलेला कागद त्यांच्याच हातात दिला. “आपकी राइटिंग अच्छी है काका, आपच लिखो.”

शिडीवरच्या माणसानं पहिल्या पिशवीची सुतळी कापली आणि कार्ड वाचलं. “दो हजार एक सौ चौदा. अठारा जून.”

हणमंतरावांनी लिहिलं आणि हात थांबला. अठरा जून. तेराव्याचा दुसरा दिवस. आवक क्रमांक एकवीसशे चौदा. हा आकडा ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते.

“तीन हजार सात. दो सितंबर.”

तोही त्यांचाच होता. तिसराही. शिडीवरचा माणूस सुतळी कापत होता, पिशव्या पोत्यात पडत होत्या, आणि सुपरवायझर लिखो लिखो म्हणत होता. हणमंतराव लिहीत राहिले. पाचव्यानंतर तर त्यांना ऐकायची गरज उरली नाही. पुढचा आकडा शिडीवरून यायच्या आधी त्यांनी तो लिहून टाकलेला असायचा. सत्तेचाळीस ओळी त्यांनी अशा लिहिल्या, समास सोडून, निळ्या शाईनं.

बबलू खाली आला. पोत्यातून त्यानं पहिली पिशवी काढली आणि कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. आकड्याखाली बारीक अक्षरात मराठीत होतं: ‘अर्जदार: हणमंतराव बिरादार. उत्तर: नाही.’ अक्षर वाकडं होतं, लहान मुलानं गिरवल्यासारखं. बबलूनं आपल्या मोबाईलनं कोड टिपला, आणि गल्लीत हणमंतरावांचाच आवाज घुमला. ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट...’ तो संपला आणि मग सुशीलाबाईंचा सुरू झाला. ‘आमचे मामंजी लई उंच होते...’

“मैं तो बोला था काका,” बबलू म्हणाला.

सुपरवायझरनं यादीवर सही घेतली आणि त्यांच्या हातात एक छापील कागद दिला. आपल्या अमुक तारखेच्या तक्रारीची दखल घेऊन कार्यवाही करण्यात आली असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. अकरा वर्षांत ऑफिसकडून आलेलं ते पहिलं उत्तर. पोतं गाडीत पडलं, गाडी गेली. वायरी होत्या तिथंच होत्या. हणमंतराव घरी जाताना सवयीनं वाकले.

ईशा दुपारी आली. राणीनं तिला फोन केला होता. तिनं मोकळ्या वायरींकडे बघितलं, बबलूशी बोलली, आणि ओट्यासमोर येऊन उभी राहिली. परवा, बुधवारी तिचे शिक्षक काम बघायला येणार होते. वर्षभराचे मार्क त्याच्यावर होते.

“काका, त्या अर्जावर सही तुमची आहे?” तिनं विचारलं.

“हौ,” हणमंतराव म्हणाले.

ती आणखी काही विचारेल म्हणून ते थांबले. ती वर निघून गेली. सुशीलाबाईंनी तिच्यासाठी ताट नेलं, ते तसंच परत आलं. आपल्या नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांना सोसलं असतं.

संध्याकाळपर्यंत हणमंतराव फाईल मांडीवर घेऊन बसले होते. पोरीनं काय घेतलं होतं त्यांचं? तिनं त्यांचे कागद पिशवीत घालून लोकांच्या तोंडासमोर धरले होते, आणि प्रत्येकाखाली त्यांचं नाव लिहिलं होतं, येत नाही त्या लिपीत, गिरवून गिरवून. दोन लाख लोकांनी ते वाचलं. वाचलं नाही ते त्यांनी एकट्यानं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की अंगणातून कुणी गेलं तरी ते मान वर करत नव्हते.

दिवेलागणीला त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या अर्जाची आपली प्रत काढली, शिक्क्याची. शेवटी, सहीच्या खाली, थोडी जागा होती. तिथं त्यांनी मराठीत एक ओळ लिहिली. खाली तो छापील उत्तराचा कागद टाचणीनं जोडला आणि जिना चढले. आपल्याच घराचा तो जिना ते ईशा आल्यापासून पहिल्यांदा चढत होते.

ईशा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. काका, मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये, ती म्हणाली. बोलू नको, हणमंतराव म्हणाले, हे घे फक्त. बुधवारी लाव. सत्तेचाळिसांना उत्तर नव्हतं, याला आहे. शुक्रवारी दिला, सोमवारी निकाली.

तिनं बराच वेळ हात पुढं केला नाही. मग घेतला. इंग्रजी भरभर वाचलं. तारीख बघितली, खालच्या छापील कागदाची तारीख बघितली, आणि परत अर्जाची. अकरा वर्षं आणि तीन दिवस, हा फरक तिच्या ध्यानात येताना हणमंतरावांना तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग तिची नजर खालच्या मराठी ओळीवर गेली आणि ती अक्षरं लावू लागली.

“व-रील अर्ज मी... लोक-हि-ता-साठी नसून... म-त्स... मत्स-रा-पोटी... केला आहे.” ती थांबली. “मत्सरापोटी म्हणजे?”

हणमंतराव दाराच्या चौकटीत उभे होते. त्यांनी आयुष्यात शेकडो अर्ज लिहिले होते, पण आपण लिहिलेल्याचा अर्थ त्यांना कुणी तोंडी विचारला नव्हता.

“जळून,” ते म्हणाले. “तुझ्यावर जळून केला. लोक तुझ्याकडे यायला लागले म्हणून. माझ्या बापाची गोष्ट तुला सांगता आली आणि मला आली नाही म्हणून.”

ईशा कागदाकडेच बघत होती. डोळे पुसून तिनं मोबाईल उचलला, कागदाचा फोटो काढला. मोबाईल पुढं धरून म्हणाली, वाचा, पहिल्यापासून. हणमंतरावांनी वाचला. मोस्ट रिस्पेक्टफुलीपासून खालच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न गाळता. या वेळी ती हसली नाही.

वाचून झालं तरी ते जिना उतरेनात. चौकटीला हात धरून तसेच उभे राहिले.

“आता काय काका?”

“पोच,” हणमंतराव म्हणाले.

ईशानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग वहीचं पान फाडलं आणि मांडीवर ठेवून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर लावत मराठीत लिहिलं: ‘मिळाला.’ खाली तारीख घातली, वेळ घातली, सही केली. माफ केलं असं कुठं लिहिलं नाही. पोचेत तसं लिहीत नाहीत, हे हणमंतरावांना माहीत होतं. त्यांनी तो कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरून खाली नेला आणि फाईलला लावला.

मंगळवारी गाडी आली नाही. बुधवारी शिक्षक आले तेव्हा वायरींच्या त्या अख्ख्या जंजाळात एकच पिशवी लोंबत होती. ती हणमंतरावांनी सकाळी स्टुलावर चढून स्वतः बांधली होती. शिक्षक एकेक करून वाकले, कोड टिपले आणि ऐकत उभे राहिले. हणमंतराव या वेळी दुसऱ्या टोकानं गेले नाहीत. सगळ्यांना दिसेल असे खांबाजवळ उभे राहिले, आणि आपलाच आवाज आपली ती शेवटची ओळ वाचत होता, तोपर्यंत तिथून हलले नाहीत.